पावसाने अळी धुतली जाते की वाढते?

ऑगस्टमध्ये दोन दिवस मुसळधार पाऊस झाला की गावात हमखास कानावर येते, "चला, अळी धुऊन गेली, एक फवारणी वाचली." तीच माणसे नोव्हेंबरात तूर फुलोऱ्यात असताना आभाळ भरून आले की कपाळाला हात लावतात. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातही बातमी येते : ढगाळ हवामान आणि रिमझिम पावसामुळे तुरीवर अळीचा प्रादुर्भाव वाढला.

मग पाऊस अळी मारतो की वाढवतो? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, आणि त्यांचा उलगडा बहुतेक वेळा अळीच्या आधीच्या अवस्थेत, म्हणजे अंड्यात सापडतो. आपण शेतात अळी बघतो, कारण ती दिसते. अंडे दिसत नाही. पावसाचा निकाल मात्र बराचसा तिथेच लागलेला असतो.

अंडी नेमकी कुठे असतात?

सगळ्या किडी एकाच पद्धतीने अंडी घालत असत्या तर हा लेख चार ओळींत संपला असता.

घाटेअळीपासून सुरुवात करू. हरभऱ्यावर जिला घाटेअळी म्हणतात तीच तुरीवर शेंगा पोखरणारी हिरवी अळी, कापसावर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी आणि टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी. कीड एकच. तिची मादी पतंग रात्री फिरून कोवळे शेंडे, कळ्या आणि फुलांवर एकेक अंडे सुटे ठेवत जाते. एका मादीची अंडी पाचशे-हजारांच्या घरात सहज जातात. अंडे जेमतेम अर्धा मिलिमीटरचे, पिवळसर पांढरे आणि उभ्या रेघांचे असते. मादीच्या शरीरातून येणाऱ्या चिकट द्रवाने ते पानाला चिकटते. उबदार हवेत तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर पडते. एवढे दिवस हे अंडे झाडाच्या सगळ्यात उघड्या भागावर बसलेले असते. पावसात सगळ्यात जास्त भोगते ते हेच.

मक्यावरील लष्करी अळी वेगळी. ही मूळची अमेरिका खंडातली. २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातही पोचली. तिची मादी शंभर-दोनशे अंड्यांचा पुंजका घालते आणि वर आपल्याच अंगावरच्या केसांचा, खवल्यांचा थर पसरते. सोयाबीनवरची तंबाखूची पाने खाणारी अळीही तशीच. तिचा पुंजका बहुधा पानाच्या खालच्या बाजूला असतो. कोकणात भातावर येणाऱ्या पिवळ्या खोडकिडीचे पुंजकेही तपकिरी केसांनी झाकलेले असतात. वरून पाणी पडते तेव्हा आधी हा थर भिजतो, मग अंडी.

तिसऱ्या गटाला पावसाचे जवळजवळ सोयरसुतकच नाही, कारण त्याची अंडी झाडाच्या आत किंवा आडोशाला असतात. कापसावरील तुडतुडे पानाच्या शिरेत अंडी घुसवतात, कांद्यावरील फुलकिडे पातीच्या पेशींत, फळमाशी फळाच्या सालीखाली. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा पाडून त्यांच्यामध्ये अंडे घालतो. पांढऱ्या माशीचे अंडे असते पानाच्या पृष्ठभागावरच, पण त्याला बारीक देठ असतो आणि तो पानात रोवलेला असतो. गुलाबी बोंडअळीची मादी पाते-फुलांवर आणि पुढे बोंडाच्या बुडाशी, पाकळीसारख्या पानांच्या आडोशाला अंडी घालते. २०१७ मध्ये या अळीने विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाची जी दैना केली ती आठवत असेल. आडोशाचे अंडे आणि अंड्यातून निघाल्यावर लगेच बोंडात शिरणारी अळी, असे गणित असताना पावसाच्या हाती फार काही लागत नाही.

म्हणून "पावसाने कीड गेली" असे कुणी म्हटले की माझा पहिला प्रश्न असतो, कोणती?

थेंब केवढा, अंडे केवढे

आता उघड्यावरच्या अंड्याकडे परत येऊ. पावसाच्या मोठ्या थेंबाचा व्यास पाच मिलिमीटरच्या आसपास असतो आणि तो सेकंदाला नऊ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने खाली येतो. अंडे अर्ध्या मिलिमीटरचे. मोहरीच्या दाण्यावर मोपेडच्या वेगाने एक गावठी बोर येऊन आदळावे, असे ते प्रमाण.

भुरभुर पावसाचा थेंब अर्ध्या मिलिमीटरचा किंवा त्याहून लहान, अंड्याएवढाच. त्याचा वेग सेकंदाला दोन मीटरच्या आसपास. मोठ्या थेंबाचा व्यास याच्या दहापट, म्हणजे वजन हजारपट; वेग साडेचार पट. आदळण्याची ऊर्जा वजन गुणिले वेगाचा वर्ग अशी वाढते. हिशेब केला तर एका मोठ्या थेंबाची धडक भुरभुरीच्या थेंबापेक्षा सुमारे वीस हजार पट भरते. वीस हजार! दोन्हींना आपण 'पाऊस' म्हणतो, एवढेच त्यांच्यातले साम्य.

थेंब थेट अंड्यावर पडलाच पाहिजे असेही नाही. तो पानावर पडला की पान झटका खाते, आणि सैल बसलेले अंडे उडते. पानावरून पाण्याचा पातळ थर वाहतो, तो काही अंडी ओढून नेतो. सोबत वारा असेल तर पाने एकमेकांवर घासतात. खालच्या पानांवर जमिनीचा चिखल उडतो. तुरीत आणखी एक गोष्ट होते जी अंडी मोजताना सुटून जाते : जोरदार पावसाने फूलगळ होते, आणि फुलावरचे अंडे फुलासकट खाली जाते. तिथे अळी निघाली तरी तिला पुन्हा शेंड्यापर्यंत चढायचे असते. दीड-दोन मिलिमीटरची अळी, वाटेत मुंग्या आणि कोळी. बहुतेकींचा प्रवास खालीच संपतो. अर्थात, फूलगळीने अळीबरोबर आपली शेंगही गेलेली असते. हा सौदा काही फायद्याचा नव्हे.

पान कसे आहे यानेही फरक पडतो. कोबीच्या पानावर मेणाचा थर असतो, त्यावर अंडे घट्ट बसत नाही. केसाळ पानावर अंडे केसांच्या दाटीत अडकून राहते. कापसाच्या गुळगुळीत पानांच्या वाणांवर हिरव्या बोंडअळीची मादी मुळात कमी अंडी घालते, हे बऱ्याच वर्षांपासून माहीत आहे. मग सगळे वाण गुळगुळीत का करत नाहीत? कारण तुडतुड्यांना नेमके तेच आवडते. केसाळ पानाशी त्यांचे जमत नाही. एकीला दार बंद करावे तर दुसरीला उघडते.

आणि शेवटी पिकाची दाटी. सोयाबीनच्या ओळी मिळून गेल्या की वरची पाने पाऊस झेलतात आणि खालच्या पानांच्या पाठीवरचे पुंजके कोरडे राहतात. उगवून तीन आठवडे झालेल्या पिकात आणि दोन महिन्यांच्या पिकात एकाच पावसाचे दोन वेगळे परिणाम दिसतात, ते यामुळेच.

मिलिमीटरचा आकडा काय लपवतो

आपल्याकडे महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. पंचनाम्यासाठी हा आकडा ठीक. अंड्यांच्या दृष्टीने मात्र तो अर्धवट आहे. वीस मिलिमीटर पाऊस अर्ध्या तासाच्या वादळी सरीत पडला तर उघड्यावरची बरीच अंडी आणि नुकत्या निघालेल्या अळ्या जातात. तेच वीस मिलिमीटर दिवसभर झिमझिम पडले तर पान फक्त ओले होते. पर्जन्यमापकात दोन्ही दिवशी पाणी सारखेच.

दुसरी गोष्ट वेळेची. पाऊस पडला तेव्हा कीड कोणत्या अवस्थेत होती? आजच घातलेली अंडी, उद्या फुटणारी अंडी, पहिल्या दिवसाची अळी, शेंगेत डोके खुपसून बसलेली अळी : या चौघींना एकच सर वेगवेगळी भेटते. पहिल्या दिवसाची अळी तर अंड्यापेक्षाही नाजूक म्हणावी लागेल. ती चिकटलेली नसते, पानावर फिरत असते. मक्यावरच्या लष्करी अळीबाबत मोठ्या पावसाचा खरा उपयोग इथे होतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, पाणी साचते आणि आतल्या लहान अळ्या गुदमरतात. मोठ्या अळीला मात्र वर तिच्याच विष्ठेचा आणि चोथ्याचा बोळा असतो, तिचे फारसे बिघडत नाही.

मग ढगाळ हवेत अळी का वाढते?

इथे तुरीकडे वळू, कारण दरवर्षी खरा गोंधळ तिथेच होतो.

अंडे म्हणजे पातळ कवचात बंद केलेले थोडे द्रव. कवचाला हवेसाठी सूक्ष्म छिद्रे असतात, आणि जिथून हवा आत येते तिथूनच ओलावा बाहेर जातो. कोरड्या, तापलेल्या हवेत लहान अंडी सुकून मरतात. भुरभुर पाऊस आणि ढग हा धोका काढून टाकतात : हवा दमट राहते, पानाचा पृष्ठभाग तापत नाही, आणि थेंबांत अंडे पाडण्याइतका जोर नसतो. पाऊस आहे, पण त्याचा मार नाही. अंड्याला याहून चांगले दिवस कुठले?

नोव्हेंबर-डिसेंबरात यात आणखी एक भर पडते. आभाळ निरभ्र असले की रात्री जमिनीची उष्णता वर निघून जाते आणि गारठा पडतो. ढग असले की रात्र उबदार राहते. थंडीत अंडे फुटायला जास्त दिवस लागतात, उबेत ते लवकर फुटते. पतंगांनाही उबदार रात्री उडायला, अंडी घालायला सोयीच्या. म्हणजे अंडी अधिक घातली जातात, अधिक टिकतात आणि लवकर फुटतात. त्यात आपण पावसाच्या भीतीने फवारणी पुढे ढकलतो. चार दिवसांनी ऊन पडते, माणूस शेतात जातो आणि म्हणतो, ढगांनी अळी आणली. ढगांनी आणली नाही. ती अंड्यांच्या रूपात आधीपासूनच होती, ढगांनी तिला सांभाळले.

सोयाबीनच्या पाने खाणाऱ्या अळीबाबत चित्र थोडे निराळे आहे. तिचे मोठे उद्रेक बऱ्याचदा लांबलेल्या उघडिपीनंतर जोरदार पाऊस झाला की दिसतात. उघडिपीत किडीला खाणारे, मारणारे जीव आणि रोग कमी पडतात, आणि पावसाने पिकाला एकदम कोवळी फूट येते. पतंगांना अंडी घालायला तीच हवी असते. २००८ च्या खरिपात पाने खाणाऱ्या अळ्यांनी विदर्भात सोयाबीनचे प्रचंड नुकसान केले. त्यानंतर २००९ पासून कृषी विभागाने कृषी विद्यापीठे आणि केंद्रीय संशोधन संस्थांना सोबत घेऊन क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. गावोगावचे कीड सर्वेक्षक शेतात जाऊन मोजणी करतात, ते याच प्रकल्पातून.

ढगाळ दमट हवेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. हीच हवा अळीच्या रोगांनाही मानवते. ऑगस्टमध्ये सोयाबीनच्या पानांवर आधी पांढऱ्या, मग हिरवट भुकटीने माखलेल्या, काडीसारख्या ताठ अळ्या दिसतात. ती नोमुरिया रिलेई या बुरशीची करामत. आता शास्त्रज्ञ तिला मेटारायझियम रिलेई म्हणतात. घाटेअळीसाठी फवारतात तो एनपीव्ही विषाणू उन्हातल्या अतिनील किरणांनी लवकर निकामी होतो, म्हणून तो संध्याकाळी फवारायचा असतो. ढगाळ दिवसांत तो अधिक टिकतो. पण बुरशी आणि विषाणू यांची खरी पकड अळीवर बसते. अंडी त्यातून बरीचशी सुटतात.

"निम्मी अंडी धुतली म्हणजे नुकसानही निम्मे ना?"

हा आक्षेप रास्त आहे, आणि उत्तर बहुतेकांना पटत नाही : तसे होईलच असे नाही.

एक मादी हजार अंडी घालते असे धरू. पिढ्यानपिढ्या किडीची संख्या साधारण तेवढीच राहायची असेल तर त्या हजारातून सरासरी दोनच पतंग व्हायला हवेत, एक नर, एक मादी. म्हणजे ९९८ कुठे ना कुठे मरतातच. कोणी अंड्यातच, कोणी अळी असताना, कोणी कोषात. ढालकिडे अंडी खातात, क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाची अळी खाते, ट्रायकोग्रामा नावाची मिलिमीटरहूनही लहान गांधीलमाशी किडीच्या अंड्यात आपले अंडे घालते. जागा कमी पडली की घाटेअळ्या एकमेकींनाही खातात.

आता समजा, एका झाडावर शंभर अंडी आहेत आणि पाऊस झाला नसता तर मित्रकीटकांनी त्यातली ऐंशी संपवली असती. (हे आकडे नुसते समजण्यासाठी.) पावसाने पन्नास पाडली. पण त्या पन्नासांत चाळीस अशी होती जी तशीही जगणार नव्हती. म्हणजे पावसाची खरी कमाई पन्नासांची नव्हे, दहाची : विसांऐवजी दहा अळ्या. इथवर नुकसान निम्मेच. पण त्याच सरीने ढालकिड्यांच्या लहान अळ्या आणि ट्रायकोग्रामाही झोडपून काढले असतील तर उरलेल्या पन्नासांपैकी नेहमीपेक्षा जास्त अंडी फुटतील. कमाई शून्यावर किंवा उण्यातही येऊ शकते.

दुसरे असे, की पतंग मेलेले नसतात. पावसाच्या रात्री ते पानाआड बसून राहतात आणि आभाळ मोकळे झाले की अंडी घालणे पुन्हा सुरू करतात. पावसानंतरच्या चौथ्या-पाचव्या दिवशी शेतात जी बारीक अळी दिसते ती पावसातून वाचलेली असेलच असे नाही. बऱ्याचदा ती पाऊस उघडल्यानंतरच्या अंड्यांतली असते.

कांद्याच्या पट्ट्यात फुलकिड्यांची गत यासारखीच. मोठ्या सरीने पातीवरचे फुलकिडे दिसेनासे होतात आणि सगळ्यांना हायसे वाटते. पातीच्या आतली अंडी जागच्या जागी असतात. आठवडा उलटला की गळ्यापाशी पिवळी पिल्ले पुन्हा हजर.

"मग तुषार लावून अंडी धुता येतील का?"

कल्पना चांगली आहे आणि काही पिकांत ती तपासलीही गेली आहे. हवाई बेटांवर वॉटरक्रेस नावाच्या पाणभाजीवर चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाचा त्रास होता, तोच जो आपल्याकडे कोबी-फ्लॉवर चाळतो. तिथे तुषार सिंचनाने त्याचा प्रादुर्भाव कमी झाल्याचे दिसले. कारण नुसते अंडी धुण्याचे नव्हते. हे पतंग तिन्हीसांजेला उडतात, जोडी जमवतात आणि अंडी घालतात, आणि नेमक्या त्या वेळी पाणी उडत राहिल्याने त्यांच्या या कामातच खोडा पडला.

आपल्याकडे हे जसेच्या तसे उचलता येणार नाही. कोबीची पाने संध्याकाळपासून रात्रभर ओली राहिली तर काळी कूज पसरायला मोकळे रान मिळते; तो रोग पाण्याच्या शिंतोड्यांनीच झाडावरून झाडावर जातो. तुरीत फुलोऱ्यात तुषार लावणे म्हणजे फूलगळ ओढवून घेणे. आणि तुषारचे बारीक थेंब वादळी पावसाची धडक देत नाहीत. हरभऱ्याला पाणी देण्यासाठी तुषार लावतातच. त्यात थोडीफार अंडी गेली तर ती वरकड कमाई समजावी. त्यासाठी म्हणून पाळी वाढवू नये. हरभरा जास्त ओलाव्याने उभळतो आणि मर लागण्याची भीती असते.

पाऊस उघडल्यावर

मोठा पाऊस उघडला त्याच दिवशी पंप खांद्याला लावण्याची घाई मला पटत नाही. दुकानदार सांगतो, शेजारी मारतो, म्हणून आपण मारतो. तेव्हा शेतात उघड्यावरची अंडी कमी झालेली असतात, नवी घातली जायची असतात, आणि झोडपल्यातून वाचलेले थोडे मित्रकीटक तेवढे औषधाला सापडतात. उलट "पावसाने धुतली" म्हणून आठवडाभर शेताकडे न फिरकणेही तितकेच महागात पडते.

दोन दिवस थांबून शेंडे, कळ्या आणि पानांची पाठ बघावी. शेताच्या चार कोपऱ्यांतली आणि मधली अशी काही झाडे पुरतात. कामगंध सापळ्यातले, म्हणजे मादीच्या गंधाने नर ओढणाऱ्या सापळ्यातले, पतंग रोज मोजावेत, पण पावसाच्या रात्रीचा आकडा सोडून द्यावा. त्या रात्री पतंग उडालेलेच नसतात, आणि रिकामा सापळा पाहून निर्धास्त झालेले बरेच जण मी पाहिले आहेत. घाटेअळीसाठी सापळ्यामागे आठ-दहा पतंग सलग दोन-तीन दिवस आले, किंवा गुलाबी बोंडअळीचे आठ पतंग सलग तीन रात्री आले, की कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोचली असे धरतात. म्हणजे आता उपायाचा खर्च न केल्यास त्याहून मोठे नुकसान होईल. अंडी आणि बारीक अळ्या असतील तेव्हा पाच टक्के निंबोळी अर्क उपयोगी पडतो : पाच किलो निंबोळ्यांची भुकटी रात्रभर भिजवून, गाळून शंभर लिटर पाण्यात. त्याने नवी अंडी घालण्यालाही आळा बसतो. पण पाऊस आला की हा अर्कही धुऊन जातो, तेव्हा पुढच्या दोन दिवसांचा अंदाज पाहूनच तो काढायला घ्यावा.

ट्रायकोकार्ड, म्हणजे ट्रायकोग्रामा वाढत असलेली अंडी चिकटवलेल्या पट्ट्या, लावायचे असतील तर तेही उघडीप पाहूनच. पट्ट्या पानांच्या खालच्या बाजूला टाचाव्यात आणि संध्याकाळी लावाव्यात. भिजलेल्या कार्डातून फार काही निघत नाही. आठवड्याभराने शेंड्यांवर अंडी पाहताना रंगाकडे लक्ष ठेवावे. पांढरट असेल तर ताजे, तपकिरी कडे दिसत असेल तर एक-दोन दिवसांचे, फुटण्याच्या बेतात असेल तर आत अळीचे काळे डोके ठिपक्यासारखे दिसते. आणि अंडे सगळेच्या सगळे काळे, चकचकीत झाले असेल तर त्यात ट्रायकोग्रामा वाढतो आहे. त्यातून अळी निघणार नाही. मोजणीत अशी अंडी धरू नयेत, आणि ती पुष्कळ दिसत असतील तर त्या शेतात फवारा सध्या बंदच ठेवावा.